नकाशाचा रुमाल

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या घरी एक पांढरा रुमाल आहे. दिसायला अगदी साधा, कडा हातानं शिवलेल्या. कापड मात्र इतकं तलम आणि घट्ट विणीचं, की हातात घेणारा हमखास विचारतो, ''कुठून आणलात हो?'' मी खरं उत्तर देतो, पण कुणाला ते पटत नाही. हा रुमाल म्हणजे मुळात एका इमारतीचा नकाशा आहे.

माझे थोरले काका आर्किटेक्ट होते. जे. जे.मधून शिकलेले. गिरगावात दोन खोल्यांचं त्यांचं ऑफिस होतं. त्यांच्या उमेदीच्या काळात इमारतीचा पक्का नकाशा कागदावर नव्हे, तर 'ट्रेसिंग क्लॉथ'वर काढत असत. तलम सुती किंवा लिननच्या कापडाला खळ द्यायची, ते घोटून गुळगुळीत आणि अर्धपारदर्शक करायचं आणि त्यावर काळ्या शाईनं रेघा मारायच्या. रेघ चुकली तर अर्ध्या ब्लेडनं अलगद खरवडायची. त्या कापडाचा एकच शत्रू, पाणी. एक थेंब पडला की खळ सुटून डाग पडायचा. शाळेच्या सुट्टीत मी ऑफिसात गेलो, की काकांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, ''हात धुतलेस? आणि पुसलेस का?''

१९८३ साली काका गेले. ऑफिसची जागा पागडीची होती, ती महिन्याभरात रिकामी करून द्यायची होती. माळ्यावर, कपाटांवर, टेबलाखाली नकाशांच्या गुंडाळ्याच गुंडाळ्या. रद्दीवाल्याला बोलावलं. कागद, पत्रव्यवहाराच्या फायली, हिशेबाच्या वह्या, इमारतींच्या फोटोंची पाकिटं असं सगळं त्यानं वजनावर नेलं. कापडी गुंडाळ्या मात्र त्यानं बाजूला टाकल्या. म्हणाला, ''साहेब, हे आपल्याकडे चालत नाही.'' मग काकूंनी त्या घरी आणल्या, मोठ्या पातेल्यात सोडा घालून उकळल्या. खळ गेली, शाई गेली आणि उरलं सुंदर पांढरं कापड. त्याचे रुमाल झाले, नातवंडांची झबली झाली, तूप गाळायची फडकी झाली. काकूंचं त्यात काहीच चुकलं नाही. काटकसरीत आयुष्य काढलेली ती पिढी. आणि ट्रेसिंग क्लॉथचा हा उपयोग काही आमच्याच घरी शोधून काढलेला नव्हता. देशोदेशीच्या ड्राफ्ट्समनच्या घरात तो होत आला आहे.

चुकलं असेल, तर माझं. त्या गुंडाळ्या दोन जिने उतरवून रद्दीवाल्याच्या हातगाडीवर ठेवणारा मीच होतो. आणि मी त्या वेळी कॉलेजात इतिहास शिकवत होतो!

गंमत पाहा. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मी पुण्याला पेशवे दफ्तरात बसून टिपणं काढली होती. मोडीतल्या कागदांचे गठ्ठे तिथे कापडात बांधून ठेवलेले असतात आणि त्या गठ्ठ्याला 'रुमाल' म्हणतात. असे हजारो रुमाल तिथे आहेत. म्हणजे आपल्या पूर्वजांनी कागद जपण्यासाठी रुमाल वापरला आणि आमच्या घरी कागदपत्रांचाच रुमाल झाला. ही गोष्ट ध्यानात यायला मला वीस-बावीस वर्षं लागली.

ती आली अशी. एके दिवशी दोन गृहस्थ पत्ता शोधत घरी आले. काकांनी बांधलेल्या एका चार मजली इमारतीचे ते रहिवासी. इमारतीला पन्नास वर्षं होत आली होती, गच्ची गळत होती, तळमजल्याच्या दोन खांबांना तडे गेले होते. दुरुस्तीसाठी नेमलेल्या इंजिनिअरनं मूळ नकाशे मागितले होते. ''मंजुरीचा नकाशा मिळाला आहे,'' त्यातले एक म्हणाले, ''पण त्यात खोल्या आणि भिंतीच दिसतात. खांबात किती सळया आहेत, पाया किती खोल आहे, ते तुमच्या काकांच्या नकाशात असेल ना?'' असेल नाही, होतंच. ते मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. बारीक, मोत्यासारख्या अक्षरात प्रत्येक तुळईचा तपशील. मी त्यांना काय सांगणार? चहा दिला आणि खरं ते सांगितलं. पुढे त्यांनी खांबांचं प्लास्टर ठिकठिकाणी फोडून आतल्या सळया मोजल्या. इमारत वाचली. पण जे कागदावर दहा मिनिटांत वाचता आलं असतं, त्यासाठी कित्येक महिने गेले आणि त्या कुटुंबांची पुंजी खर्ची पडली.

त्या दिवसापासून मला एक प्रश्न छळू लागला. घर बांधणारा माणूस गेल्यावर त्याच्या कागदांचं जगात लोक करतात तरी काय?

आपल्याकडे एक समजूत असते, की इमारत उभी राहिली, की नकाशाचं काम संपलं. जणू पंगत उठल्यावरच्या पत्रावळी! पण इमारतही मर्त्य असते. तिला आग लागते, ती पडते, पाडली जाते. पुण्याच्या शनिवारवाड्याचंच उदाहरण घ्या. पहिल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी त्याचा पाया घातला. २२ जानेवारी १७३२ला वास्तुशांत झाली. खर्च आला १६,११० रुपये. तारखा माहीत, आकडा रुपयापर्यंत माहीत, कारण आपल्याकडे हिशेब लिहिण्याची आणि ते जपण्याची शिस्त होती. पण २७ फेब्रुवारी १८२८ रोजी वाड्याला आग लागली आणि आतलं सगळं लाकूडकाम जळून गेलं. आज तिथे तटबंदी आहे, दिल्ली दरवाजा आहे, कारंज्याचं टाकं आणि दगडी जोती आहेत. वरचे मजले कसे होते, खांबांवर नक्षी कशी होती, कोणत्या खिडकीतून काय दिसायचं, हे आपल्याला जुन्या वर्णनांवरून आणि हिशेबांवरून ताडावं लागतं. आपल्या गवंड्या-सुतारांची विद्या हातात आणि डोक्यात असे. आखणी जागेवरच दोरीनं होई. त्यामुळे खर्चाचा आकडा राहिला आणि रूप गेलं.

आता याच्या अगदी उलट गोष्ट. लंडनमध्ये सर जॉन सोन नावाचे एक आर्किटेक्ट होऊन गेले. १७८८ पासून पंचेचाळीस वर्षं ते 'बँक ऑफ इंग्लंड'चे वास्तुविशारद होते. गवंड्याचा हा मुलगा स्वकर्तृत्वावर मोठा झाला, त्यानं लंडनच्या लिंकन्स इन फील्ड्स या चौकात घर बांधलं आणि ते नकाशे, पुस्तकं, मूर्ती, चित्रं, लाकडी प्रतिकृती यांनी तळघरापासून छपरापर्यंत भरून टाकलं. मुलाशी त्यांचं हाडवैर झालेलं. आपल्यामागे हा सगळं विकून मोकळा होईल, ही त्यांना धास्ती. म्हणून त्यांनी काय करावं? १८३३ साली चक्क ब्रिटिश पार्लमेंटकडून कायदा करून घेतला, की आपल्या मृत्यूनंतर हे घर आणि त्यातला संग्रह शक्यतो आहे तसाच ठेवावा आणि अभ्यासकांना, रसिकांना तो पाहू द्यावा. १८३७ साली सोन वारले. ते घर आजही संग्रहालय म्हणून उघडं आहे. तिथे सुमारे तीस हजार नकाशे आणि रेखाटनं आहेत.

यातली एक खरेदी मला फार बोलकी वाटते. रॉबर्ट अ‍ॅडम हे अठराव्या शतकातले इंग्लंडमधले नामांकित वास्तुविशारद. ते आणि त्यांचे भाऊ गेल्यावर त्यांच्या कार्यालयातले सुमारे नऊ हजार नकाशे कुटुंबाकडे पडून होते. विकायचा प्रयत्न झाला, पण गिऱ्हाईक मिळेना. शेवटी १८३३ मध्येच सोन यांनी ते सगळे दोनशे पौंडांना घेतले. हिशेब केला तर एका नकाशाला जेमतेम पाच-साडेपाच पेन्स पडले. म्हणजे तोही जवळजवळ रद्दीचाच भाव! फरक इतकाच, की विकत घेणारा रद्दीवाला नव्हता. आज अ‍ॅडम यांच्या काळातल्या एखाद्या हवेलीचं छत दुरुस्त करायचं असेल, रंग मूळचा कोणता होता ते पाहायचं असेल, तर मंडळी सोन यांच्या घरी जाऊन ते नकाशे उलगडतात.

आणि खुद्द सोन यांच्या कामाचं काय झालं? बँक ऑफ इंग्लंडची त्यांची इमारत १९२० आणि ३०च्या दशकांत बाहेरची भिंत तेवढी ठेवून आतून बहुतेक सगळी पाडण्यात आली. नवी इमारत बांधणारे आर्किटेक्ट होते हर्बर्ट बेकर. दिल्लीतली सचिवालयं ज्यांनी बांधली, तेच हे बेकर. सोन यांची उंच घुमटाची, वरून उजेड झिरपणारी दालनं गेली. पण नकाशे होते. १९८०च्या दशकात बँकेनं आपलं संग्रहालय करायचं ठरवलं, तेव्हा त्या नकाशांच्या आधारे सोन यांचं एक दालन, 'बँक स्टॉक ऑफिस', पुन्हा बांधून काढलं. १९८८ पासून ते लोकांना पाहता येतं. मेलेली इमारत कागदावरून परत उभी राहिली.

मंडळी, तुम्ही म्हणाल, हे इंग्लंडचं झालं, तिथे पैसा होता. तर आता एका कर्जबाजारी माणसाची गोष्ट सांगतो आणि तिचा संबंध थेट आपल्याशी आहे.

लुई कान हे अमेरिकेतले फिलाडेल्फियाचे आर्किटेक्ट. अहमदाबादची 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट', म्हणजे आयआयएम, ही त्यांची. विटांच्या भिंतींमधल्या त्या भल्यामोठ्या गोल कमानी आपण फोटोत पाहिलेल्या असतात. त्यांना भारतात आणण्यामागे होते बाळकृष्ण दोशी, म्हणजे पुण्यात जन्मलेले आणि जे. जे.त शिकलेले आपले दोशी. मार्च १९७४ मध्ये कान अहमदाबादचं काम पाहून परत निघाले. १७ मार्चला न्यूयॉर्कच्या पेनसिल्व्हेनिया स्टेशनवर हृदयविकारानं त्यांचा मृत्यू झाला. वय ७३. घरी निरोप पोहोचायलासुद्धा दोन दिवस लागले. आणि मग कळलं, की जगभर नावाजलेल्या या माणसाच्या कार्यालयावर सुमारे पाच लाख डॉलरचं कर्ज होतं.

देणेकरी दारात उभे आणि घरात मौल्यवान म्हणावं असं एकच, कानांनी काढलेली रेखाटनं. एकेक रेखाटन सुटं विकलं असतं, तर ती जगभरच्या श्रीमंतांच्या भिंतींवर गेली असती आणि संग्रह फुटला असता. पण विद्यार्थी, सहकारी आणि चाहते यांनी आवाज उठवला. शेवटी पेनसिल्व्हेनिया राज्य सरकारनं तो सगळा संग्रह एकगठ्ठा विकत घेतला आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडे सांभाळायला दिला. कानांच्या स्वतःच्या हातची सहा हजारांहून अधिक रेखाटनं, त्याशिवाय कार्यालयातले हजारो नकाशे, पत्रं, फोटो, प्रतिकृती. कर्ज फिटायला मदत झाली आणि संग्रहही एकत्र राहिला. सरकारी पैशाचा इतका दूरदर्शी उपयोग क्वचितच पाहायला मिळतो.

त्याचं फळ काय? न्यूयॉर्कच्या ईस्ट नदीत रूझवेल्ट बेट आहे. त्याच्या टोकाला अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं स्मारक कानांनी मरण्यापूर्वी आखलं होतं. पुढे न्यूयॉर्क शहरच दिवाळखोरीच्या तोंडाशी आलं आणि काम कागदावर राहिलं. एक-दोन नव्हे, छत्तीस वर्षं. २०१० मध्ये बांधकाम सुरू झालं आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये स्मारक लोकांसाठी खुलं झालं. आर्किटेक्ट जाऊन अडतीस वर्षं उलटल्यावर त्याची नवी वास्तू जन्माला आली! बियाण्याची पुडी नीट जपली, तर पेरणी उशिरानंही होते.

या गोष्टीत एक मराठी माणूस आहे, त्याचं नाव फार कमी जणांना ठाऊक असतं. अनंत राजे. मुंबईत १९२९ साली जन्मलेले आणि जे. जे.त शिकलेले राजे १९६०च्या दशकात फिलाडेल्फियाला कानांच्या कार्यालयात काम करत होते. ते अहमदाबादला परतले आणि कान गेल्यावर आयआयएमचं उरलेलं काम त्यांनी पुढे नेलं. २००९ साली राजे गेले. त्यांच्या कुटुंबीयांनी त्यांचे नकाशे, रेखाटनं, टिपणं जपली आणि २०१२ मध्ये त्यांच्या निवडक कामाचा ग्रंथ काढला. गुरूच्या कागदांमागे एक राज्य सरकार उभं राहिलं, शिष्याच्या कागदांमागे घर उभं राहिलं. दोन्ही चांगलंच झालं. पण ज्याचं घर उभं राहणार नाही, त्याचं काय?

आणि कागद जपले, म्हणजे इमारत वाचतेच असंही नाही. डिसेंबर २०२० मध्ये आयआयएमनं कानांनी बांधलेल्या अठरापैकी चौदा वसतिगृह-इमारती पाडून नव्या बांधण्याचा प्रस्ताव मांडला. जगभरातून निषेध झाला, प्रस्ताव मागे घेतला गेला. २०२२ मध्ये पुनर्बांधणीचा विषय पुन्हा वर आला. विटा झिजतात, पाणी मुरतं, भूकंप होतात, मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न असतो. या अडचणी खोट्या नव्हत्या. पण वाद घालायला दोन्ही बाजूंच्या हातात कागद होते, ही जमेची बाजू म्हणायची. कानांना काय करायचं होतं, यावर नुसत्या आठवणींनी भांडावं लागलं नाही.

दिल्लीच्या प्रगती मैदानावरचं 'हॉल ऑफ नेशन्स' आठवतं का? १९७२ साली उभं राहिलेलं, काँक्रीटच्या त्रिकोणी जाळीचं ते प्रचंड प्रदर्शनगृह. वास्तुविशारद राज रेवाल, इंजिनिअर महेंद्र राज. एप्रिल २०१७ मध्ये ते रातोरात पाडलं गेलं. पाच वर्षांनी, २०२२ मध्ये, न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात दक्षिण आशियातल्या स्वातंत्र्योत्तर वास्तुकलेचं मोठं प्रदर्शन भरलं आणि त्यात 'हॉल ऑफ नेशन्स'ला मानाचं स्थान होतं. आपल्या घरी पाडलेल्या इमारतीची प्रतिकृती परक्या गावी काचेआड पाहायची! अशा वेळी अभिमान वाटावा की लाज, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

असाच एक संमिश्र अनुभव चार्ल्स कोरिया यांच्या बाबतीत येतो. मूळ गोव्याचं घराणं, कर्मभूमी मुंबई. साबरमतीचं गांधी स्मारक संग्रहालय त्यांचं, पेडर रोडजवळची 'कांचनजंगा' त्यांची, बेलापूरची लहान लहान चौकांची वसाहत त्यांची. १९६०च्या दशकात प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासह नव्या मुंबईची कल्पना मांडणारेही तेच. २०१५ साली ते गेले. पण त्याआधीच त्यांनी आपले हजारो नकाशे लंडनच्या 'रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्स'ला देऊन टाकले होते. २०१३ मध्ये तिथे त्यांच्या कामाचं प्रदर्शनही झालं. ही संस्था १८३४ सालची. सोळाव्या शतकातल्या पॅलाडिओ या इटालियन वास्तुविशारदाची तीनशेहून अधिक रेखाटनं तिच्याकडे आहेत. म्हणजे आपले कोरिया पॅलाडिओच्या पंगतीला बसले. कागद तिथे शंभर वर्षं सुखरूप राहतील, यात शंका नाही. पण बेलापूरच्या घराचं मूळ रेखाटन पाहायला बेलापूरच्या विद्यार्थ्यानं विमानाचं तिकीट काढावं का? पणजीत कोरियांच्या नावाची संस्था आहे, अहमदाबादेत दोशींनी स्थापन केलेलं वास्तुशिल्प फाउंडेशन आहे. मालवण तालुक्यातल्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे, ज्यांनी कानपूरची आयआयटी उभारली, त्यांच्या कामावरही २०१७ साली 'आकार' हा ग्रंथ निघाला. म्हणजे आपल्याकडे काहीच होत नाही, असं नाही. मात्र जे होतं, ते बहुतेक घरच्यांच्या आणि चाहत्यांच्या जिवावर.

आता थोडं या कागदांविषयी, कारण ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी माळ्यावर अशी गुंडाळी असेलच. आर्किटेक्टचा संग्रह म्हणजे नुसते नकाशे नव्हेत. मालकाशी झालेला पत्रव्यवहार, कंत्राटदाराची बिलं, साइटवर काढलेले फोटो, खिशातल्या वहीतली चिताडं, त्याच्या कपाटातली पुस्तकं आणि पुस्तकांच्या समासात त्यानं लिहिलेले शेरे, हे सगळं मिळून तो संग्रह होतो. पक्क्या नकाशात उत्तर असतं, कच्च्या कागदात तो त्या उत्तरापर्यंत कसा पोहोचला, हे असतं. जिना आधी उजवीकडे होता, मग डावीकडे का गेला? बिलाच्या मागे लिहिलेलं असतं, 'मालकांच्या मातोश्रींना चढवत नाही.' मला विचाराल, तर इतिहास तिथे असतो.

हे कागद नाजूक असतात आणि प्रत्येकाचं पथ्य वेगळं असतं. ज्याला आपण निळा नकाशा किंवा 'ब्लू प्रिंट' म्हणतो, ती पद्धत जॉन हर्शेल या शास्त्रज्ञानं १८४२ मध्ये शोधली. ती निळाई उजेडात फिकी पडते. शिवाय आम्ल मारण्यासाठी क्षार घातलेला जो कागद इतर दस्तऐवजांना मानवतो, तो तिला मानवत नाही. नंतर आलेल्या अमोनिया प्रिंटचा वास वर्षानुवर्षं जात नाही आणि त्या शेजारच्या कागदालाही बिघडवतात, म्हणून त्या वेगळ्या ठेवायच्या. ट्रेसिंग पेपर पिवळा पडून पापडासारखा मोडतो, म्हणून जुनी गुंडाळी एकदम उलगडायची नाही. शक्य असेल तर घडी न घालता सपाट ठेवायचं. वाळवी, कसर आणि आपली पावसाळी हवा हे तर कायमचे पाहुणे. आणि कॉम्प्युटरवर काढलेले नकाशे अमर आहेत, या भ्रमात तर मुळीच राहू नये. पंचवीस वर्षांपूर्वीची फ्लॉपी आज कुणाच्या यंत्रात उघडते? कानांची पेन्सिल अजून वाचता येते, त्या फ्लॉपीतलं घर मात्र बंदच.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहते. ज्यांचे संग्रह झाले, ती सगळी मोठी नावं. पण मोठ्या नावाच्या इमारतीतही लहान नावं असतात. मुंबईचं व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत बांधलं गेलं. आर्किटेक्ट म्हणून आपण फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचं नाव घेतो, ते बरोबरच आहे. पण नोंदींमध्ये त्यांचे सहाय्यक म्हणून सीताराम खंडेराव आणि एम. एम. जनार्दन ही दोन नावंही येतात. ती कागदावर होती, म्हणूनच आज मला ती उच्चारता येतात. त्यांच्या हाताखालच्या घडाईवाल्यांची, सुतारांची नावं कुठे आहेत? नकाशाच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट असते, तिच्यात 'रेखाटन कुणाचं, तपासलं कुणी' याच्या सह्या असतात. नकाशा गेला, की ते कोपऱ्यातले लोकही जातात. माझ्या काकांच्या ऑफिसात दोन ड्राफ्ट्समन होते. त्यांच्या सह्या आमच्या पातेल्यातच विरघळल्या.

मग करायचं काय? सगळं जपता येणार नाही, हे उघड आहे. पण सुरुवात साध्या गोष्टींपासून होऊ शकते. १९३०च्या दशकात जे. जे.मध्ये क्लॉड बॅटली हे प्राध्यापक विद्यार्थ्यांना टेप घेऊन जुन्या इमारतींवर पाठवत, दार-खांब-खिडक्या मोजून त्यांचे नकाशे काढून घेत. त्यातले पुष्कळ पुढे पुस्तकरूपानं छापले गेले. ज्या वास्तूंचे नकाशे मुळात कधी काढलेच गेले नव्हते, त्यांचे ते नकाशे. पुण्या-नाशिकचे वाडे मोजणारी आजची मुलं त्याच वाटेनं चालली आहेत. वाडा पाडायचाच असेल, तर त्याआधी चार दिवस त्या मुलांना आत येऊ द्या. चहा द्या. एवढं मालकाला जमण्यासारखं आहे.

आणि ज्यांच्या घरी कुणी आर्किटेक्ट, इंजिनिअर, ओव्हरसिअर, ड्राफ्ट्समन होऊन गेला असेल, त्यांना माझी हात जोडून विनंती. रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एक दिवस थांबा. गुंडाळीवर इमारतीचं नाव आणि साल लिहा. जवळच्या आर्किटेक्चर कॉलेजला एक फोन करा. ते नको म्हणाले, तर ज्या इमारतीचा नकाशा असेल, तिथल्या सोसायटीला तरी विचारा. त्यांना त्याची गरज आज नसेल, पन्नास वर्षांनी पडेल. निदान साध्या कॅमेऱ्यानं फोटो काढून ठेवा.

त्या चार मजली इमारतीचे रहिवासी पुन्हा एकदा आले होते. दुरुस्ती झाली होती, पेढे द्यायला आले होते. आणि बरोबर एक गुंडाळी होती. इंजिनिअरनं खांब, तुळया, पाया सगळं मोजून नवा नकाशा केला होता, त्याची एक प्रत. म्हणाले, ''एक आमच्याकडे आहे, एक तुमच्याकडे असू द्या. तुमच्याच काकांची इमारत.'' मी ती प्रत उलगडून टेबलावर पसरली. कोपऱ्यातल्या चौकटीत इंजिनिअरच्या नावाच्या वर एक ओळ होती, मूळ आर्किटेक्ट म्हणून काकांचं नाव. ती ओळ घालायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

ती प्रत मी जपून ठेवली आहे. कशात, ते सांगायलाच हवं का? काकूंनी शिवलेल्या त्या कापडाचं एक मोठं फडकं घरात उरलं होतं. नकाशा त्यात बांधून ठेवला आहे. पेशवे दफ्तरातल्यासारखा रुमाल करून.